मिरचीचं बी पेरा, भिरंडीचं कलम आणा

महोदय,

चवथ (गणेशचतुर्थी) सरली, पाऊस उतरणीला लागला आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची-वांग्यांची तयार रोपं दिसू लागली. परसात दोन-चार वाफे करणारी बहुतेक घरं तीच घेऊन जातात. त्याच घरांत मे महिन्यात खाल्लेल्या मानकुराद आंब्याची बाठ कोपऱ्यात रुजत घातलेली असते आणि कुंपणाशी आपोआप उगवलेलं भिरंडीचं (कोकमाचं) रोप जिवापाड जपलेलं असतं. आमच्या मते हे नेमकं उलटं चाललं आहे. घरी पेरायचं ते मिरची-वांग्याचं बी, आणि पैसे मोजून आणायचं ते आंब्या-भिरंडीचं कलम.

भिरंडीचं झाड नर की मादी, हे ते फुलल्याशिवाय कळत नाही. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. सात-आठ वर्षं पाणी घालून शेवटी एकही सोल (फळाची वाळवलेली साल) हाती येत नाही, आणि तोवर ते झाड तोडायलाही मन धजत नाही. मादी झाडाच्या काडीचं कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरतं. ते घेताना काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची होती की आडव्या फांदीची, एवढं जरूर विचारावं. आडव्या फांदीचं कलम उंच न होता झुडपासारखं पसरतं. जायफळातही नर-मादीचा हाच प्रश्न आहे. मानकुरादच्या बाठीतून येणारं झाड आईच्या गुणाचं निघेलच असं नाही. बाठ रुजवावी ती खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या रोपासाठी.

भाजीपाल्याचा हिशेब वेगळा. खोला मिरची, हरमल मिरची, आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी या गोव्याच्या वाणांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण बाजारातल्या ट्रेमधलं रोप यांतलंच आहे, हे पाहून सांगता येत नाही. बऱ्याचदा ते संकरित वाणाचं असतं; त्याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं सारखी येत नाहीत. गावठी वाणाचं बी मात्र वर्षानुवर्षं धरता येतं, फक्त दोन जातींच्या मिरच्या शेजारी लावू नयेत. त्यांचा संकर सहज होतो.

तयार रोपाबरोबर दुसऱ्याच्या बागेतली मातीही घरी येते, ही आम्हाला सर्वांत मोठी काळजी वाटते. वांग्याचं हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं आणि तीन-चार दिवसांत कायमचं सुकतं. पानं पिवळी पडायलाही वेळ मिळत नाही. पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी पाणी घालतात आणि त्या पाण्याबरोबर रोग शेजारच्या झाडांकडे जातो. अशा झाडाच्या बुंध्याचा बोटभर तुकडा कापावा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात, टोक बुडेल असा, न हलवता धरावा. पाचेक मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा बारीक धागा खाली उतरू लागला, तर तो जिवाणूजन्य मर रोग समजावा. त्याला कोणतीही फवारणी लागू पडत नाही. झाड मुळासकट उपटून जाळावं आणि त्या वाफ्यात निदान तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो लावू नयेत. मका, चवळी, तांबडी भाजी (लाल माठ) चालते. आपल्या उष्ण, दमट हवेत आणि जांभ्याच्या आंबट मातीत हा रोग चांगलाच फोफावतो. तो बियाण्यातून सहसा येत नाही, पिशवीतल्या मातीतून सहज येतो. तुमची जमीन आधीच रोगट असेल, तर मात्र रानवांग्याच्या खुंटावर बांधलेलं वांग्याचं कलमी रोप विकत घेणंच शहाणपणाचं.

बी पेरायला फार काही लागत नाही. चाळलेली माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि रेती समभाग घ्यावी. रेती नदीच्या भरतीच्या पट्ट्यातली असेल तर ती खारी असते, दोन-तीनदा धुवून घ्यावी. शेणखतात किलोमागे १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळावा. ट्रे नसला तर भोकं पाडलेला पसरट डबा चालतो. ओळींत ८ सेंटीमीटर अंतर ठेवून बी अर्धा सेंटीमीटर खोल टाकावं. याहून फार खोल गेलेली मिरची नीट वर येत नाही. वांगं आठवड्याभरात उगवतं, मिरची सात ते बारा दिवस घेते. परतीच्या पावसाच्या सरी थेट वाफ्यावर पडू नयेत म्हणून वर पारदर्शक प्लास्टिक ताणावं, बाजू उघड्या ठेवाव्यात.

घरच्या रोपांचा खरा शत्रू म्हणजे कोलमड. कोवळं रोप मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि रातोरात आडवं पडतं. दाट पेरणी, अर्धकच्चं शेण आणि संध्याकाळचं पाणी ही त्याची कारणं. पाणी सकाळीच, झारीने द्यावं. एक रोप पडलेलं दिसलं की भोवतालच्या मातीसह ते काढावं, एक दिवस पाणी थांबवावं आणि वर कोरडी रेती भुरभुरावी. रोप ३० ते ३५ दिवसांचं, पाच-सहा पानांचं झालं की लावणीजोगं होतं. त्याआधीचा आठवडा पाणी कमी करत जावं आणि रोज थोडं जास्त ऊन दाखवावं. मातीचा आंबटपणा कमी व्हावा म्हणून वाफ्यात चौरस मीटरला २०० ग्रॅम शेतीचा चुना लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळलेला असावा.

चाळीस झाडांना मिरचीच्या सत्तर-ऐंशी बिया पुरतात. उन्हात वाळवलेल्या तीन-चार मिरच्यांत त्या सहज मिळतात. मात्र आधी २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. दहा-बारा दिवसांत १२ बियांना मोड आले तर बी चांगलं म्हणायचं. मिरचीच्या प्रमाणित बियाण्यालाही किमान ६० टक्केच उगवणीची अट आहे. पाकीट विकत घेताना त्यावरची चाचणीची तारीख वाचावी. तिथून नऊ महिने उलटले असतील तर ते परत ठेवावं.

भेंडी, तवशी (काकडी), दुधी, पडवळ यांची रोपं तर अजिबात आणू नयेत. त्यांना मूळ हललेलं सोसत नाही. भेंडीचं बी रात्रभर भिजवून जागेवरच टोकावं. तांबड्या भाजीचं बी रेतीत मिसळून फेकावं, त्यात मूठभर रवाही घालावा, म्हणजे मुंग्या बियांऐवजी रवा उचलतात. पंचविसाव्या दिवशी भाजी कापणीला येते.

तरीही तयार रोप घ्यायचंच असेल, तर ट्रेमधून एक उपटून दाखवायला सांगावं. मुळं पांढरी हवीत. तपकिरी मुळं, मुळांवर गाठी, आक्रसलेला शेंडा किंवा ट्रेमध्येच आलेली फुलं दिसली तर घेऊ नये. फुललेलं रोप दिसायला गोड वाटतं, पण ते वय उलटून गेलेलं, मुळं कोंडलेलं रोप असतं आणि पुढे खुजंच राहतं. काथ्याच्या भुश्यातलं रोप लावताना तो गड्डा पूर्ण मातीखाली जाऊ द्यावा, कारण उघडा राहिलेला भुसा वाऱ्या-उन्हाने सुकतो आणि आतली मुळंही सुकवतो.

आमच्या दोन मागण्या आहेत. रोपं विकणाऱ्यांनी प्रत्येक ट्रेवर वाणाचं नाव आणि पेरणीची तारीख लिहावी. आणि कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयांनी हरमल मिरची, आगशीची वांगी आणि सात शिरांची भेंडी यांचं बी परसबागेला पुरेल अशा छोट्या पाकिटांत चवथीआधी उपलब्ध करावं. खोला मिरचीचं मात्र मे महिन्यातच द्यावं, कारण डोंगरउतारावरचं ते पीक पावसावर येतं आणि त्याचा तरवा (रोपांसाठीची पेरणी) पावसाच्या तोंडावर टाकावा लागतो.

– काही बागायतदार, फोंडा