टेनिसपटूला खुराक हवा, सत्काराचे नंतर बघू

महोदय,

राज्य स्पर्धेत मुलगा चमकला की कोल्हापुरात सत्कार होतो, फलक लागतात, चार दाते पुढे येतात. अठरा पूर्ण झाल्यावर तोच मुलगा व्यावसायिक टेनिसमध्ये उतरतो, जागतिक क्रमवारीत आठशेच्या पुढे कुठेतरी दिसू लागतो आणि मदत आटते. खरी गरज तिथूनच सुरू होते.

सर्वांत खालची पायरी म्हणजे पुरुषांची एम १५ स्पर्धा. एकूण बक्षीस १५,००० डॉलर. त्यातले एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर आणि क्रमवारीचे १५ गुण. मुख्य फेरीत पहिलाच सामना हरला तर सुमारे १५६ डॉलर, गुण शून्य. डॉलर ८५ रुपयांना धरला तर हे तेरा हजार, आणि बहुतेक ठिकाणी त्यातूनही कर कापतात. पात्रता फेरीत गारद झालेल्याला काहीच नाही, प्रवेश शुल्क मात्र त्यानेच भरलेले. मिळवलेले गुण ५२ आठवड्यांनी गळतात. मनगट दुखावून तीन महिने घरी बसला, तर गेल्या वर्षी त्याच काळात मिळवलेले गुण जातात आणि नवे येत नाहीत.

प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या आठवड्याआधी १८ दिवस, गुरुवारी संपते. मुख्य फेरीत नाव लागले की पात्रतेत, हे कळेपर्यंत विमानाचे तिकीट महागते. परतीची तारीख तर ठरवताच येत नाही. म्हणूनच ट्युनिशियातील मोनास्तिर किंवा तुर्कस्तानातील अंताल्या इथे खेळाडू तळ ठोकतात. एकाच जागी आठवड्यामागून आठवडा स्पर्धा असतात, हरला तरी पुढची तिथेच. गटिंगचा, म्हणजे रॅकेटला तार बसवण्याचा, खर्च कुणी धरतच नाही. पॉलिएस्टरची तार तुटली नाही तरी सैल पडते, मग चेंडू लांब जायला लागतो. सामन्याआधी किमान दोन रॅकेट नव्याने गटिंग करावी लागतात. एका रॅकेटला सुमारे १२ मीटर तार, म्हणजे २०० मीटरच्या रिळात जेमतेम सोळा रॅकेट. प्रशिक्षक आणि फिजिओ सोबत नेणे तर दूरच.

सुमित नागल देशात एकेरीत अव्वल होता, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये खात्यात सुमारे ९०० युरो उरल्याचे त्याने सांगितले. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनची दुसरी फेरी गाठल्यावर त्याला १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. पैसा आहे तो तिथे, वरच्या मजल्यावर.

शाहू महाराजांच्या काळापासून पैलवानाचा खुराक मैदान मारण्याआधी चालू होतो, हे या गावाला कुणी शिकवायला नको. टेनिसलाही तेच लावावे. दात्यांनी एका स्पर्धेचे तिकीट देऊ नये. सलग आठ ते दहा आठवड्यांचा दौरा उचलावा. पहिल्या दोन आठवड्यांत हरलेला मुलगा पैसे संपल्याने परत आला, तर तो सगळा खर्च वाया जातो. दोन-तीन खेळाडू एकत्र पाठवले तर खोली आणि एक प्रशिक्षक वाटून घेता येतो, दुहेरीची जोडीही आपसूक तयार होते.

शिवाय कोल्हापुरात एम १५ आणि मुलींसाठी त्याच दर्जाची डब्ल्यू १५ भरवावी. २०२२ मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळलेली ऐश्वर्या जाधव इथलीच. एका स्पर्धेचे बक्षीस पावणेतेरा लाखांच्या आसपास जाते. पंच, चेंडू, निवासव्यवस्था वेगळी. पण ३२ जणांच्या मुख्य फेरीत चार वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता दिलेले थेट प्रवेश, असतात. तेवढी आपल्या मुलांना मिळाली तर विमान नाही, हॉटेल नाही, आणि पहिली फेरी जिंकली की जागतिक क्रमवारीतला पहिला गुण घरच्या कोर्टवर.

आपला,
एक टेनिस कार्यकर्ता, कोल्हापूर