सातबारा मिळतो, वडिलांची फाइल मिळत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. एरवी आपला वेळ घेतला नसता, परंतु गेल्या महिन्यात माझ्या 74 वर्षांच्या वडिलांना तालुक्याच्या गावातील एका खासगी रुग्णालयातून रात्री अकरा वाजता नाशिकला हलवावे लागले, आणि तेथील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "आठ दिवसांपूर्वी यांचे क्रिएटिनिन किती होते?" म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा. माझ्या हातात एकपानी डिस्चार्ज कार्ड होते व त्यावर 'प्रकृती स्थिर' असा शेरा होता. प्रकृती स्थिर असलेल्या माणसाला रातोरात रुग्णवाहिकेत का घालावे लागते, हे विचारण्याचे त्राण तेव्हा माझ्यात नव्हते.

वडिलांच्या पाकिटात आभा कार्ड, म्हणजे आरोग्याच्या नोंदी एकत्र पाहता याव्यात म्हणून सरकारने दिलेले ओळखपत्र होते, तेही लॅमिनेट केलेले. मी चौदा आकडे टाकले, ओटीपी टाकला, ॲप उघडले. आत एकही नोंद नव्हती. मग रक्त पुन्हा काढले, सोनोग्राफी पुन्हा झाली, साडेअकरा हजार रुपये गेले. पैशांचे जाऊ द्या. पण अहवाल हाती येईपर्यंत पहाट झाली आणि तोवर व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी आईला फोनवर "सगळे ठीक आहे" असे खोटे सांगत राहिलो.

त्यानंतर फाइलसाठी पहिल्या रुग्णालयात चार खेपा घातल्या. रेकॉर्डचे काम पाहणारे रजेवर आहेत, लेखी अर्ज आणा, सही रुग्णाचीच हवी, असे करत करत शेवटी "फाइल रुग्णालयाची असते" हे ब्रह्मज्ञान मिळाले. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारविषयक विनियमांत मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रे द्यावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. माझ्या अर्जाला आज एकोणीस दिवस झाले. रुग्णहक्कांची सनद त्या रुग्णालयाच्या भिंतीवर नियमाप्रमाणे लावलेली आहे, चांगल्या चौकटीत. तिच्याच खाली उभे राहून मी नकार ऐकला.

सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि आभा क्रमांकांनी आता सत्तर कोटींचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. त्यांतले निम्मे तरी माझ्या वडिलांसारखे रिकामे असतील, असा माझा अंदाज आहे. चुकत असेल तर खरा आकडा आपण जाहीर करावा. आमच्या आईचा क्रमांक तर कोविडची लस घेताना तयार झाला होता, हे तिला प्रमाणपत्रावर छापलेला पाहून कळले. या योजनेत नोंदी रुग्णालयाकडेच राहतात आणि रुग्णालयाने त्या आभाशी जोडल्या तरच रुग्णाला दिसतात. जोडणे न जोडणे त्याच्या मर्जीवर. केसपेपरच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन केला की आमचे नाव, वय, पत्ता क्षणात त्यांच्याकडे जातो. उलट दिशेचा रस्ता मात्र कायम दुरुस्तीसाठी बंद!

याच महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. जमिनीच्या तुकड्यावर कोणाचा किती हक्क व किती बोजा, हे शासन सांगू शकते. पण ज्याच्या मूत्रपिंडाचा प्रश्न आहे त्याला त्याचे आकडे मिळू नयेत, ही अडचण तंत्रज्ञानाची नव्हे. रुग्ण अडाणी राहिला की तपासण्या दोनदा होतात, बिल दोनदा निघते, प्रश्न कोणी विचारत नाही आणि उद्घाटनाचे फोटो मात्र वेळेवर छापून येतात. आरोग्याच्या माहितीसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा 2018 मध्ये निघाला होता. तो तसाच बासनात गेला. 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा मात्र आमच्या माहितीचे मोल सर्वांना एकाएकी कळले.

माझी मागणी फार नाही. शुश्रूषागृहांची नोंदणी आपल्याच विभागाच्या नियमांनी होते. रुग्णाला घरी सोडताना संपूर्ण फाइल त्याच्या संमतीने आभाशी जोडणे, ही त्या नोंदणीची अट करावी. माझी माहिती कोणी, केव्हा उघडली हे मला माझ्या मोबाइलवर मराठीत दिसावे, आणि दिलेली संमती वडिलांसारख्या माणसालाही एका बोटाने मागे घेता यावी.

येत्या मंगळवारी वडिलांना पुन्हा तपासणीला न्यायचे आहे. आठ दिवसांपूर्वीच्या त्या क्रिएटिनिनबद्दल डॉक्टर पुन्हा विचारतील. तोवर आपल्या कार्यालयाकडून उत्तर आले नाही, तर त्यांना या पत्राचीच प्रत दाखवीन.

आपला,
एका रुग्णाचा मुलगा