इटालियनांची टिंगल आणि केरनचे मराठे

मा. संपादक,
स. न.

मुरगाव बंदरात मार्च १९४३ मध्ये जळालेल्या जहाजांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजाची हकीकत गोव्यात पुष्कळांना ठाऊक असते, तिच्यासोबत अडकून पडलेल्या ‘आन्फोरा’ या इटालियन जहाजाची आठवण सहसा कोणी काढत नाही, लेखकाने ती काढली. फक्त जाता जाता, इटालियन म्हणजे लढाई दिसली की हात वर करणारे, असा शेरा मारला आहे. हा विनोद जुनाच. पण मराठी वाचकाने त्याला हसताना जरा थांबावे, कारण त्यात कमीपणा आपल्याच माणसांना येतो.

विनोदाला आधार नाही असे नाही. डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१ या काळात इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात सव्वा लाखाहून अधिक इटालियन सैनिक कैद झाले. पण ते पायदळ वाळवंटात हलवायला पुरेसे ट्रक नव्हते, रणगाडे हलक्या चिलखताचे, रायफल १८९१ च्या नमुन्याची. फ्रान्स कोसळताना पाहून मुसोलिनीने १० जून १९४० रोजी घाईने युद्ध पुकारले. त्या घाईची किंमत शिपायाने मोजली, आणि भित्रा हा शिक्काही त्याच्याच कपाळी बसला.

त्याच फेब्रुवारीत पूर्व आफ्रिकेत, इटलीच्या ताब्यातील इरिट्रियातील केरनला काय चालले होते ते पाहा. आत जाणारा रस्ता आणि रेल्वे एकाच अरुंद खिंडीतून. दोन्ही बाजूंना उघडे, उभे डोंगर. चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्याने वरच्या प्रत्येक कड्यावर मशीनगन आहे अशी कल्पना करावी. खिंड इटालियनांनी सुरुंग लावून बुजवली होती. चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनना ते डोंगर घ्यायला २७ मार्च उजाडला. मृत-जखमींचा आकडा साडेतीन हजारांवर गेला. सुभेदार रिछपाल राम यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इथल्याच लढाईसाठी. पळपुट्यांशी लढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळत नसतो.

१५ मार्चला सकाळी हायलँड लाइट इन्फंट्रीची तुकडी भर उन्हात उतारावरच अडकली. संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनने चढाई केली आणि ‘पिनॅकल’ नावाचा सुळका घेतला. त्यामुळे डोलोगोरोडोकचा किल्ला दुसऱ्या दिवशी पहाटे पडला. तो परत घेण्यासाठी इटालियन आणि त्यांचे इरिट्रियन अस्करी (वसाहतीतून भरती केलेले स्थानिक शिपाई) पुन्हा पुन्हा चालून आले. त्यांचा जनरल लोरेन्झिनी याच दिवसांत मारला गेला.

आणखी एक गोष्ट. इंग्रजांचे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी मुंबईकडच्या मराठ्यांतील जुनी लढाऊ वृत्ती मेली, असे लिहून ठेवले होते. उत्तरेकडचे तेवढे लढवय्ये, बाकीचे दुय्यम, हे तेव्हाच्या भरतीचे धोरण. महारांची तर भरतीच बंद झाली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले, तीही बेळगावातच. म्हणजे पिनॅकलवर त्या रात्री जे समोरासमोर आले, त्या दोघांनाही कोणीतरी आधीच कमअस्सल ठरवून ठेवले होते. हा शिक्का आपल्यावर बसून गेलेला आहे. तोच दुसऱ्यावर मारताना आपला हात सैल का?

इटलीच्या त्या युद्धाची बाजू मी घेत नाही. १९३५-३६ मध्ये इथिओपियावर विषारी वायू सोडणारी हीच राजवट होती. आणि अस्करी तर परक्या झेंड्याखाली, आपलाच मुलूख बळकावलेल्यांसाठी मेले. त्यांचे नाव इटालियन फारसे घेत नाहीत, इंग्रज तर नाहीच नाही. पोर्तुगीज अमल पाहिलेल्या गोव्यात तरी हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आपणास विनंती एवढीच, की पुरवणीत केरनवर एखादा सविस्तर लेख द्यावा. पेडणे-डिचोलीतील कितीतरी घरांची सोयरीक सावंतवाडी, चंदगड, बेळगावकडे आहे. तिकडच्या घरांत मराठा पलटणीतल्या आजोबा-पणजोबांची पदके, पेन्शनचे कागद, फोटो असतील. ते वाचकांकडून मागवावेत, आणि पाठवणाऱ्यांना सैनिकाचे गाव व बटालियनचा क्रमांक कळवायला जरूर सांगावे; क्रमांक नसला तर पलटणीत तिसरी कोणती आणि दुसरी कोणती, हेच पुढे उलगडत नाही.

आपला,
एक वाचक, डिचोली