फोन दुरुस्तीला आलेल्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय.

मी रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून टाइप करते. दिवसभर कान पुरते झाकणारे हेडफोन. आमच्या मजल्यावर मोबाइलला बंदी, तो खाली लॉकरमध्ये. कामाच्या वेळेत घरच्यांसाठी नंबर एकच, माझ्या टेबलावरच्या फोनचा. आणि नेमका तोच मला ऐकू यायचा नाही.

मार्चमध्ये बाबा मोरीत घसरून पडले. आईने साताऱ्याहून सहा वेळा फोन केला. फोन माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर वाजत होता आणि मी कुणा परक्याचं बोलणं टिपत बसले होते. संध्याकाळी लॉकर उघडला तेव्हा कळलं. तोवर शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं, खुबा मोडला होता. सहाव्यांदा रिंग वाजून वाजून बंद पडली तेव्हा आईला काय वाटलं असेल, ते अजून मनातून जात नाही.

नंतर मी ऑफिसात किती जणांना सांगितलं! रिंग मोठी करा म्हणाले. केली, तर आजूबाजूचे वैतागले आणि मला तरीही ऐकू येईना. मग एक कान उघडा ठेवा म्हणाले. पुटपुटत बोलणाऱ्या माणसाचं एका कानाने ऐकून टाइप करून बघा म्हणावं. दोन महिने माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. त्यांच्यातलं एकही माणूस माझ्या टेबलापर्यंत आलं नाही, याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

तुम्ही तर पलीकडचा इंटरकॉम बघायला आला होता. मी सहज बोलून गेले. तुम्ही म्हणालात, "जरा उठा ताई." माझ्या खुर्चीत बसलात, माझे हेडफोन कानांवर चढवलेत, रेकॉर्डिंग चालू करायला लावलंत आणि मला शेजारून फोन लावायला सांगितलंत. पूर्ण रिंग वाजून गेली. हेडफोन काढून तुम्ही एवढंच म्हणालात, "खरंच नाही हो येत ऐकू."

काका, मला तेव्हाच भरून आलं. दिवा तर तुम्ही नंतर लावलात.

टेस्टरमध्ये असतो तसला इवलासा निऑनचा दिवा. तुम्ही समजावलंत, लाइनवर एरवी ४८ व्होल्ट असतात, तेवढ्यावर हा पेटत नाही. रिंग येते तेव्हा साधारण ७५ व्होल्टचा एसी करंट येतो, त्यावर पेटतो. ना बॅटरी, ना प्लग. फोनवर न चिकटवता तो तुम्ही स्क्रीनच्या कडेला बसवलात, कारण "नजर इथं असते तुमची." पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा घाईघाईत घेतलात. दुसऱ्याची अडचण त्याच्या जागी बसून बघणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. ती बहुतेक तुमच्यासारखी पिशवी घेऊन येतात आणि सही घेऊन निघून जातात.

परवा दुपारी दिवा लुकलुकला. आई होती. बाबा वॉकर घेऊन अंगणापर्यंत चालले, एवढंच सांगायचं होतं तिला. पण आधी म्हणाली, "अगं, आज लगेच उचललास!"

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची ताई