1964 च्या बीटलसाठी ‘ओरिजिनल स्टाइल’ म्हणून विकलेल्या चुकीच्या चाकांबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फोक्सवॅगन बीटलसाठी घेतलेली पाच चाके गाडीला न बसणे, बदलून दिलेला संचही सदोष निघणे आणि पैसे परत करण्यास नकार मिळणे.

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीकडून मी माझ्या बीटलसाठी स्टेपनी धरून पाच स्टीलची चाके मागवली. पूर्ण रक्कम आगाऊ भरली. मागणी नोंदवण्याआधी आपल्या प्रतिनिधीला गाडीचे मॉडेल साल, चॅसी नंबर, मूळ चाकाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि स्टीलची पट्टी धरून काढलेला ब्रेकच्या ड्रमचा, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या भागाचा, फोटो पाठवला. त्यावर मला फोनवर उत्तर मिळाले, ‘‘मॅडम, काळजी करू नका, बीटलची चाकं सगळी एकच असतात.’’ हे विधान साफ चुकीचे आहे. पुढचा सगळा मनस्ताप त्यातूनच झाला, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

बीटल जवळजवळ तशीच्या तशी दिसत राहिली, तरी तिची चाके बदलत गेली. 1952 च्या ऑक्टोबरपर्यंत ती 16 इंची होती, मग 15 इंची झाली. माझी गाडी 1964 ची आहे. तिचे चाक 15 इंची, चार इंच रुंदीचे, म्हणजे 4जे, आणि त्याला पाच बोल्ट. हे पाच बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, आपण ज्याला पीसीडी म्हणता तो, 205 मिलिमीटर आहे. वर्तुळ एवढे मोठे असल्यामुळे चाकाचा मधला भाग उघडाच असतो. चाक म्हणजे जवळपास एक कडे, आणि मधली जागा ब्रेकचा ड्रमच भरून काढतो. 1965 च्या ऑगस्टमध्ये 1966 चे मॉडेल आले तेव्हा चाकात हवेसाठी खाचा आल्या आणि फुगीर व्हील कॅपच्या जागी चपट्या कॅप आल्या, बोल्ट मात्र पाचच राहिले. युरोपातल्या 1500 मॉडेलला 1966 च्या ऑगस्टमध्ये पुढे डिस्क ब्रेक आले, त्या गाडीला पहिल्यांदा चार बोल्टांची चाके बसली. वर्षभराने, 1968 च्या मॉडेलपासून, हीच 130 मिलिमीटर पीसीडीची चार बोल्टांची पद्धत इतर मॉडेलांवरही येऊ लागली.

या गोष्टी बीटलवर काम केलेल्या कोणाही मिस्त्रीला माहीत असतात. चाके विकणाऱ्या कंपनीला त्या माहीत नसाव्यात, आणि तरीही तिने ‘सर्व बीटलना बसणारी’ असे छापून पैसे घ्यावेत, हे मला मान्य नाही.

पहिला संच आला तो चार भोकांचा होता. रुंदी साडेपाच इंच, मधला भाग बंद. खोके उघडल्या उघडल्या गॅरेजमध्ये कोणाला मापही घ्यावे लागले नाही. मी लगेच फोटो पाठवले, तेव्हा आपल्या तांत्रिक विभागातून उत्तर आले की 205 पीसीडी हे माप ‘स्टँडर्ड’ नाही, तेव्हा ॲडाप्टर लावून घ्या. 205 हे माप माझ्या एकटीच्या गाडीचे नाही. लाखो बीटल याच मापावर धावल्या, आणि ड्रम ब्रेकच्या पोर्शे 356 लाही हेच माप होते. मोजायलाही ते अवघड नाही. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोक येत नाही, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर घ्यायचे आणि 1.7 ने गुणायचे. माझ्या ड्रमवर ते अंतर साधारण 120.5 मिलिमीटर भरते, म्हणजे पीसीडी 205. मी पाठवलेल्या फोटोत पट्टी त्याच दोन भोकांवर धरलेली होती. कोणी तो फोटो उघडून पाहिला असता तर हा संच आपल्या गोदामातून निघालाच नसता.

ॲडाप्टरचा सल्ला मी मानला नाही, त्याची कारणे लेखी नोंदवून ठेवते. ॲडाप्टर ही एक जाड चकती असते. ती पाच बोल्टांनी ड्रमला आवळायची आणि तिच्यावर चार बोल्टांनी चाक. चकतीच्या जाडीइतके चाक बाहेर येते. बाहेर आलेल्या चाकाचा भार पुढच्या बेअरिंगवर वेगळ्या जागी पडतो, स्टिअरिंग जड होते, गाडीत चार माणसे बसली की मागचे टायर मडगार्डला घासायची भीती राहते. त्यात आवळून तपासत राहायचे जोड दुप्पट होतात. आणि एवढे करून गाडीवर दिसणार 1968 नंतरचे चाक. मी मागितले होते 1964 चे.

त्यानंतर आपल्या प्रतिनिधीने ड्रमच बदलून घ्यायला सुचवले. 1968 चे पुढचे ड्रम माझ्या गाडीच्या स्पिंडलवर, म्हणजे पुढचे चाक ज्या दांड्यावर फिरते त्यावर, सरळ बसत नाहीत. 1965 च्या ऑगस्टपर्यंत पुढे लिंक-पिनचा एक्सल होता, त्यानंतर बॉल जॉइंट आले आणि स्पिंडल बदलले. म्हणजे आपण पाठवलेल्या चुकीच्या चाकासाठी मी माझ्या चालत्या गाडीचा पुढचा सगळा सांगाडा उतरवायचा. ज्या गाडीचे ब्रेक ठणठणीत आहेत, तिच्या बाबतीत असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे.

बऱ्याच तगाद्यानंतर आपण बदली संच पाठवला. तो पाच भोकांचा, 205 पीसीडीचा, 15 इंची होता. कागदावर सगळे जुळत होते. माझी खरी तक्रार या दुसऱ्या संचाबद्दल आहे, कारण पहिला संच बसतच नव्हता, हा बसतो आणि सुरक्षित नाही.

बीटलच्या मूळ बोल्टचे डोके खालून गोलाकार असते आणि चाकाच्या भोकाची बैठकही तशीच वाटीसारखी असते. बोल्ट आवळला की गोल डोके वाटीत पूर्ण टेकते. आपल्या चाकांची बैठक सरळ उताराची, शंकूच्या आकाराची आहे. आमच्या मिस्त्रींना बोटाने चाचपूनच शंका आली. त्यांनी मूळ बोल्टच्या डोक्याखाली निळे मार्किंग, म्हणजे टेकेल तिथे ठसा उमटवणारा रंग, लावले, चाक ड्रमवर चढवून पाचही बोल्ट हाताच्या पान्याने आवळले आणि परत काढून दाखवले. बैठकीच्या पूर्ण पृष्ठभागावर निळा रंग उतरायला हवा होता. प्रत्यक्षात भोकाच्या काठाशी केसाएवढी एक निळी रेघ उमटली होती, तीही दोन भोकांत अर्धवट. मग त्यांनी माझे जुने चाक त्याच बोल्टांनी त्याच ड्रमवर आवळून काढले. त्याच्या वाट्या सगळीकडून निळ्या झाल्या होत्या. दोन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत. त्या रेघेवर चाकाची सगळी पकड अवलंबून राहणार, आणि घाटात ब्रेक मारल्यावर, खड्ड्यात आपटल्यावर ती पकड ढिली होत जाणार. शंकूच्या बैठकीचे बोल्ट आपण सोबत दिले असते तर निदान हा एक दोष सुटला असता. आपण बोल्ट दिलेच नाहीत, आणि वेगळे बोल्ट लागतील असे कुठे लिहिलेही नाही.

त्यात बैठकीच्या आतपर्यंत पावडर कोटिंगचा जाड थर आहे. बोल्टच्या दाबाखाली असा थर चेपतो, तुटतो आणि तेवढाच बोल्ट सैल पडतो. रंगाऱ्याने पाच भोकांवर टोप्या लावायला हव्या होत्या. एवढे साधे काम कारखान्यात झालेले नाही.

व्हील कॅपचेही तसेच. मूळ चाकावर कॅप धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या स्प्रिंगसारख्या क्लिप असतात. फुगीर कॅप त्यांच्यावर ठोकून बसवायची आणि गाडीच्या हत्यारांत मिळालेल्या तारेच्या आकड्याने ओढून काढायची. आपल्या चाकांवर एकही क्लिप नाही आणि ती बसवायला जागाही ठेवलेली नाही. शिवाय या चाकांना हवेच्या खाचा आहेत, म्हणजे ती 1966 आणि 67 च्या धाटणीची आहेत. माझ्या गाडीला सपाट, बिनखाचांचे चाक होते आणि त्यावर फुगीर क्रोमची कॅप. हे मी मागणीत लिहिले होते आणि फोटोतही दिसत होते. ‘‘तेवढा फरक कोणाच्या लक्षात येतो?’’ असे मला फोनवर विचारले गेले. माझ्या लक्षात येतो. मी पैसे मोजले ते त्या फरकासाठीच. नुसते गोल फिरणारे चाक हवे असते तर एवढी शोधाशोध करायची गरज नव्हती.

मी आपल्याकडे का आले, तेही सांगते. गाडी माझ्या बाबांची. त्यांनी ती मुंबईत एका परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याकडून घेतली आणि शेवटपर्यंत स्वतः चालवली, स्वतः पुसली. मूळ चाकांवर आतल्या बाजूला अजून ‘4जे x 15’ हा शिक्का आणि कारखान्याची तारीख वाचता येते. पण टायरची कड जिथे बसते तिथे गंजाने खड्डे पडले आहेत, आणि दोन चाकांना मधला पत्रा आणि रिम यांच्या जोडावर चिरा गेल्या आहेत. अशा चाकावर वेल्डिंग करायला आमच्या मिस्त्रींनी नकार दिला, आणि तो योग्यच आहे. फियाट किंवा ॲम्बेसेडर असती तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या जुन्या बाजारात काहीतरी हाती लागले असते. बीटल आपल्याकडे मुळात हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या आल्या, तिचे भंगारही मिळत नाही. जे मिळते ते माझ्या चाकांइतकेच गंजलेले असते. म्हणून नवीन, पण मूळ मापाबरहुकूम बनवलेले चाक हाच एक मार्ग माझ्यापुढे होता. पाचवे चाकही सजावटीसाठी मागवलेले नव्हते. पुढच्या डिकीत उभी राहणारी ही स्टेपनी वाटेत पंक्चर झाल्यावर लागतेच.

आपल्यासारख्या विक्रेत्यावर जुन्या गाड्यांचे मालक विसंबून असतात. आमच्याकडे चार दुकाने फिरून पाहायची सोय नसते. पानावर जे लिहिले आहे त्यावर आणि फोनवरच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून ‘ओरिजिनल स्टाइल’ हे शब्द आपण एवढ्या सैलपणे वापरावेत याचे मला फार वाईट वाटले. वाईट वाटण्यापेक्षाही काळजी वाटते. एखाद्याने निळे मार्किंग न लावता ही चाके चढवली आणि सहकुटुंब महाबळेश्वरला निघाला, तर काय होईल?

परताव्याच्या मागणीवर आपले शेवटचे उत्तर असे होते : ‘चाके एकदा गाडीवर चढवली असल्याने परत घेता येणार नाहीत.’ चाके जागेवर उभ्या, जॅकवर उचललेल्या गाडीवर तपासण्यासाठी चढवली होती. त्यांवर टायर बसवलेले नाहीत, ती रस्त्यावर एक फूटही चाललेली नाहीत. चाक ड्रमवर न धरता ते बसते की नाही हे कळण्याचा दुसरा उपाय असेल तर आपण तो लेखी कळवावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणवैशिष्ट्यांप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. माझ्या आधीच्या ईमेलना पोचही मिळालेली नाही.

माझ्या मागण्या अशा : दुसरा संच आपल्या खर्चाने घेऊन जावा आणि पूर्ण रक्कम, वाहतूक खर्चासह, मूळ खात्यात जमा करावी. तिसरा संच मला नको. गोल बैठकीचे, बिनखाचांचे, क्लिप असलेले 4जे चाक आपण पुढे बनवून घेतले, तर त्याचे मोजमाप आणि बैठकीचा फोटो आधी पाठवावा. तो पाहून मी नव्याने मागणी नोंदवायची की नाही ते ठरवीन. तिसरी मागणी पैशांची नाही, पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची आहे. या चाकांच्या पानावरून ‘सर्व बीटलना बसणारी’ हे शब्द काढावेत. तिथे पीसीडी, रुंदी, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते माप), बोल्टची बैठक गोल की शंकूची, क्लिप आहे की नाही, आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या गाडीला ते चाक चालते, एवढे स्पष्ट छापावे. आणि आजवर ज्यांनी हा पाच बोल्टांचा संच नेला आहे, त्या प्रत्येकाला बैठकीबद्दल कळवावे. ग्राहकांचे फोन नंबर आपल्याकडे आहेत, हे काम एका दिवसाचे आहे.

महिन्याभरात निवारण न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवणार आहे आणि पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करणार आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे मी जिथे राहते तिथे तो करता येतो.

चाके मूळ खोक्यांत, आपल्याच पॅकिंगमध्ये गॅरेजमध्ये ठेवली आहेत. सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत कधीही माणूस पाठवावा, रविवारी गॅरेज बंद असते. येणाऱ्या माणसाकडे माल ताब्यात घेतल्याची सही-शिक्क्याची पावती द्यावी. पावतीशिवाय खोकी हलवू देणार नाही.

कळावे,

आपली ग्राहक,
(सही)
पुणे

सोबत : बिल व रक्कम भरल्याची पावती, मागणीच्या वेळी पाठवलेले फोटो, दोन्ही संचांचे फोटो, निळ्या मार्किंगचे फोटो, मिस्त्रींचे सही केलेले निवेदन.