कर्जाची अट खोडू नकोस

चि. सानिकास,

अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, न्यूयॉर्कच्या त्या फ्लॅटला आणखी एक गिऱ्हाईक आहे, म्हणून एजंट करारातली कर्जाची अट काढायला सांगतोय. रात्रभर मला झोप लागली नाही. अगं, कर्ज नाकारलं गेलं तर तुझा इसार परत मिळतो तो त्या अटीमुळेच. ती खोडलीस आणि बँकेने नाही म्हटलं, तर करार मोडणारी तू ठरशील.

पैसे वकिलाच्या एस्क्रो खात्यात (व्यवहार पुरा होईपर्यंत राखून ठेवायच्या खात्यात) असतात म्हणून निर्धास्त होऊ नकोस. भांडण झालं की दोन्ही बाजूंची संमती किंवा कोर्टाचा आदेश मिळेपर्यंत ते सहसा तिथेच अडकतात.

आपल्याकडे करार कायद्याचं कलम ७४ आहे. वाजवी तेवढीच भरपाई मिळते, हे मी वकिलीत कितीदा मांडलं असेल! तिथे तसं नाही. न्यूयॉर्कच्या कोर्टाचा मॅक्स्टन बिल्डर्स खटल्यातला १९८६ चा निकाल मी दोनदा वाचला. मालमत्ता कर ठरावीक रकमेपेक्षा जास्त निघाला तर तीन दिवसांत कळवून करार रद्द करण्याची मुभा खरेदीदारांना होती. कर जास्त निघालाही. पण लेखी सूचना मुदतीनंतर पोहोचली, आणि दहा टक्के इसारावर विकणाऱ्याचा हक्क ठरला. त्याचं नुकसान किती झालं हे सिद्ध करायचीही गरज पडली नाही. मला त्या घेणाऱ्यांचं फार वाईट वाटलं.

२००४ मध्ये ट्रम्प वर्ल्ड टॉवर या तिथल्या गगनचुंबी इमारतीतल्या चार फ्लॅटांच्या खटल्यात तर घेणाऱ्यांचा २५ टक्के इसार गेला, ८० लाख डॉलरहून अधिक. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अशा इमारतीची भीती वाटते, हे म्हणणंही कोर्टाने ऐकलं नाही. दोन्ही बाजूंनी वकील लावून, घासाघीस करून करार केला होता ना, मग तो पाळा, असा एकूण सूर.

तुझी सहा वर्षांची बचत आहे ही. दुसरं गिऱ्हाईक नेत असेल तर नेऊ दे तो फ्लॅट. आणि अट राहिली तर कर्जमंजुरीची शेवटची तारीख आजच लिहून ठेव. मुदत वाढवून हवी असेल तर तुझ्या वकिलाकडून लेखीच मागायला लाव, करारात सांगितलेल्या पद्धतीनेच. एजंटला फोन केला, एवढ्यावर थांबू नकोस.

सही करायच्या आधी मसुदा मला पाठव. कितीही वाजले असले तरी मी वाचीन.

तुझी,
आई