आरेतल्या मावशींना, जरा उशिराच

मावशी, हे पत्र तुमच्या नातवाला मोबाइलवरून वाचून दाखवायला सांगा, मी त्याला पाठवतेय. थँक्यू म्हणायचं राहिलंय माझं २०१९ पासून.

४ ऑक्टोबरची रात्र आठवते ना? दुपारी हायकोर्टाने झाडतोडीविरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मुंबई मेट्रो ३ च्या कारशेडसाठी कटर सुरू झाले, आम्ही सगळे मेसेज बघून धावत आलो, त्या गोंधळात मी मैत्रिणींपासून सुटले, फोन डेड, आणि खरं सांगू तर मला त्या अंधारात रस्तासुद्धा कळत नव्हता. तुम्ही हाताला धरून पाड्यावर नेलंत. घरात एकच बोर्ड, तर पंख्याची पिन काढून माझा फोन चार्जिंगला लावलात आणि कोरा चहा दिलात. बाहेर झाड पडल्याचा आवाज आला की तुम्ही गप्प व्हायचात. मी आपली बडबडत होते, स्टे मिळेल वगैरे. स्टे मिळाला सोमवारी, ७ तारखेला सुप्रीम कोर्टात, पण तोवर २१४१ झाडं गेली होती.

तेव्हा सगळीकडे एकच वाद, आरे जंगल आहे की नाही. मला तरी कुठे माहीत होतं, माझ्यासाठी आरे म्हणजे दुधाची कॉलनी, छोटा काश्मीर आणि पवईला जायचा शॉर्टकट. तुम्ही म्हणालात, "मग आमचा वाघोबा काय बिल्डिंगीत राहतो?"

जूनमध्ये ती रानभाजी, शेवळं दिलीत तेव्हाची गंमत तर सांगितलीच नाही तुम्हाला. सोबतची ती हिरवी काकडं मला कच्चे आवळे वाटले, दिले टाकून 😅 आणि भाजी खाल्ल्यावर घशाला अशी खाज सुटली की घरातले अजून मला ऐकवतात. नंतर तुम्हीच हाताला तेल लावून, खालचा पिवळा भाग काढून, खाज मारणारी काकडं ठेचून करून दाखवलीत. तेव्हापासून आरेतून जाताना 'हिरवळ' दिसत नाही हो, शेवळं कुठे येतील ते शोधते.

पुढे ८०० एकरांहून जास्त जागा राखीव वन झाली, बरं वाटलं, पण कारशेड काही कायमची हटली नाही. २०२२ ला परत तिथेच, २०२३ ला आणखी १७७ झाडांची परवानगी. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो धावतेय आणि स्टेशनचं नावही आरेच ठेवलंय, कमाल आहे ना. मीपण जाते त्याच मेट्रोने, तुमच्यापासून काय लपवायचं.

तर मावशी, त्या रात्रीच्या चहासाठी, चार्जिंगसाठी आणि शेवळांसाठी खूप खूप थँक्यू. पहिल्या पावसानंतर येतेय, या वेळी काकडं टाकणार नाही, प्रॉमिस.